पैलतीरावर एक दिवस

ग्रीसला जाणारे आपल्याकडचे प्रवासी बहुधा अथेन्स बघतात, सँटोरिनीच्या निळ्या घुमटांपुढे फोटो काढतात आणि परत येतात. लेसबॉस हे बेट त्यांच्या वाटेवर नसतं. नकाशात पाहिलं तर ते ग्रीसच्या मुख्य भूमीपासून दूर, थेट तुर्कस्तानच्या कुशीत शिरलेलं दिसतं. कवयित्री सॅफो या बेटाची. ॲरिस्टॉटलने इथल्या उथळ खाडीतले मासे आणि शिंपले पाहून जीवशास्त्राच्या नोंदी केल्या. आज इथे लोक येतात ते समुद्रासाठी, ऑलिव्हच्या बागांसाठी आणि निवांतपणासाठी.

या सुट्टीत एक दिवस परदेशी जाऊन येण्याची सोय आहे. मिटिलीनी या बेटाच्या मुख्य बंदरातून फेरी सुटते आणि तास-दीड तासात समोरच्या किनाऱ्यावरच्या आयवालिक या तुर्की गावी पोचते. गेटवेहून मांडव्याला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. गुरुवारी बोटीला गर्दी असते, कारण आयवालिकचा आठवडी बाजार गुरुवारचा. बेटावरच्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन जातात, चादरी, टॉवेल, भाजी, मसाले, सुकामेवा भरून संध्याकाळी परततात. आपल्यासारख्या पाहुण्याने मात्र पासपोर्ट एकदा नीट उघडून पाहावा. त्यावरचा युरोपचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर सकाळी जाता येईल, संध्याकाळी परत येता येणार नाही.

ही पासपोर्टची अट आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कायमचीच असावी असं वाटतं. तशी ती नव्हती. या दोन किनाऱ्यांमधली सरहद्द जेमतेम शंभर वर्षांपूर्वीची आहे. ती कशी पडली हे कळलं, की बाजाराची ही सहल निराळी दिसू लागते.

प्राचीन काळी समोरच्या किनाऱ्यावर मिटिलीनीच्या मालकीची गावं आणि शेती होती. त्या मुलुखाला ग्रीक शब्द होता ‘पेराया’, म्हणजे पैलतीराचा प्रदेश. बेटाचं पोट पैलतीरावर भरत असे. पुढे १४६२ मध्ये ऑटोमन तुर्कांनी लेसबॉस जिंकलं आणि साडेचारशे वर्षं दोन्ही किनारे एकाच सुलतानाच्या अमलाखाली राहिले. मधलं पाणी ओलांडणं म्हणजे परदेशी जाणं नव्हतं. ते या गावाहून त्या गावाला जाणं होतं.

आयवालिक हे तेव्हा जवळजवळ संपूर्ण ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं गाव होतं. ग्रीक लोक त्याला किदोनिएस म्हणत. गंमत म्हणजे दोन्ही नावांचा अर्थ एकच. आयवा आणि किदोनी म्हणजे बिही हे पिवळं, पेरूसारखं फळ. त्याच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात. एकाच फळावरून एकाच गावाला दोन भाषांत नाव पडलं होतं आणि कुणाची त्याला हरकत नव्हती. ऑलिव्हचं तेल आणि साबण यांवर गाव श्रीमंत झालं. त्या कारखान्यांच्या विटांच्या उंच चिमण्या अजून उभ्या आहेत.

पहिली रेघ पडली १९१२ मध्ये. बाल्कन युद्धात ग्रीसने लेसबॉस घेतलं. बेट ग्रीसचं आणि समोरचा किनारा तुर्कांचा, अशी वाटणी झाली. पहिल्या महायुद्धात आयवालिकच्या ग्रीकांना तुर्की राज्यकर्त्यांनी देशाच्या आतल्या भागात हलवलं. युद्ध संपल्यावर वाचलेले परत आले. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मर्ना म्हणजे आजच्या इझमीरला आणि पाठोपाठ आयवालिकला उतरलं. पुढची तीन वर्षं अनातोलियात युद्ध पेटलं. त्यात दोन्ही बाजूंनी गावं जाळली, दोन्ही बाजूंनी निरपराध माणसं मारली. माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्याने वाटेतली तुर्की शहरं बेचिराख केली. सप्टेंबर १९२२ मध्ये मुस्तफा केमालचं सैन्य स्मर्नात शिरलं, चार दिवसांनी शहराला आग लागली, आणि लाखो ग्रीक व आर्मेनियन माणसं मागे आग व पुढे समुद्र अशी धक्क्यावर अडकली.

या वेळी मिटिलीनीच्या बंदरात ग्रीक जहाजं उभी होती. आसा जेनिंग्ज नावाचा एक अमेरिकन धर्मोपदेशक तिथे आला. हातात कुठलाही अधिकार नसताना त्याने ग्रीक सरकारशी तारांवरून हुज्जत घालून ती जहाजं मिळवली आणि स्मर्नाला नेली. त्या काही दिवसांत स्मर्नाच्या धक्क्यावरून दोन लाखांहून अधिक माणसं हलवली गेली. आयवालिकच्या बायका, मुलं, म्हातारी माणसंही बोटींतून समोरच्या लेसबॉसवर आली. तरुण आणि प्रौढ पुरुषांना मात्र तुर्कांनी मजूर-तुकड्यांत घालून आत नेलं.

त्यांत अठरा वर्षांचा एक मुलगा होता, इलियास व्हेनेझिस. तो चौदा महिन्यांनी जिवंत परतला. आयवालिकहून नेलेल्या सुमारे तीन हजार पुरुषांपैकी तेवीसच परतले, असं त्याने पुढे नोंदवलं आहे. परतल्यावर तो लेसबॉसवरच राहिला. १९२४ मध्ये मिटिलीनीच्या एका वर्तमानपत्रातून त्याची हकिकत क्रमशः छापून येऊ लागली. पुढे तिचं पुस्तक झालं. त्याचं नाव ‘क्रमांक ३१३२८’, त्या छावणीत त्याला दिलेला नंबर.

युद्धाने जे अर्धं केलं होतं ते कागदाने पुरं केलं. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे परिषद भरली. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी आणि निर्वासितांसाठी झटणारा फ्रिट्यॉफ नान्सेन याने लोकसंख्येच्या अदलाबदलीची योजना मांडली. ३० जानेवारी १९२३ रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी त्या करारावर सह्या केल्या. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसमध्ये, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना वगळलं होतं. बाकी कुणालाही विचारलं जाणार नव्हतं. सुमारे बारा लाख ख्रिश्चन आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान यांच्या वाट्याला हे आलं. ख्रिश्चनांपैकी बहुतेक जण आधीच पळून आलेले होते. करार त्यांना एवढंच सांगत होता, की आता परतायचं नाही.

या कराराच्या पहिल्याच कलमात एक अट आहे. गेलेल्या माणसाला त्या देशाच्या सरकारच्या परवानगीशिवाय परत येऊन राहता येणार नाही, अशी ती अट. मिटिलीनीच्या धक्क्यावर बसलेल्या आयवालिकच्या माणसाला स्वच्छ हवेत आपला किनारा दिसत होता. राहायला जाण्याचा हक्क मात्र संपला होता.

माणसं निवडायची कसोटी धर्म ही होती, भाषा नव्हे. अनातोलियाच्या आतल्या भागात तुर्की बोलणारे ख्रिश्चन होते. ते तुर्की भाषा ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ‘ग्रीक’ ठरवून ग्रीसला पाठवलं. क्रीट बेटावरचे मुसलमान घरात ग्रीक बोलत. त्यांना ‘तुर्क’ ठरवून तुर्कस्तानात पाठवलं. त्यांतले पुष्कळ जण आयवालिकमध्ये आणि शेजारच्या जुंदा बेटावर रिकाम्या ग्रीक घरांत राहू लागले. इकडे त्यांना ‘अर्धे काफीर’ म्हणत, आणि तिकडे ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांना ‘तुर्कांचं बियाणं’. ग्रीसच्या १९२८ च्या जनगणनेत ६२ लाखांपैकी १२ लाखांहून अधिक लोक निर्वासित होते. म्हणजे दर पाच माणसांमागे एक.

या परिषदेत ब्रिटिशांचा प्रमुख होता लॉर्ड कर्झन, १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारा. सक्तीची ही अदलाबदल म्हणजे अतिशय वाईट उपाय आहे आणि जगाला तिची किंमत पुढची शंभर वर्षं मोजावी लागेल, असं त्यानेच बोलून दाखवलं होतं. तरीही करार झाला, कारण त्या वेळी दुसरा उपाय कुणाला सुचत नव्हता. हिंदुस्थानचं लक्ष याच काळात तुर्कस्तानकडे होतं. खिलाफत चळवळीच्या मध्यवर्ती समितीचं काम मुंबईतूनच चाले. आपल्याकडे चर्चा होती ती खलिफाच्या गादीची. सामान्य माणसांच्या घरांचं काय झालं याची दखल कमी घेतली गेली.

लोझानचा धडा हिंदुस्थानात वाचला गेला तो पुढे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा अल्पसंख्याकांच्या अदलाबदलीचा दाखला म्हणून ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियाचं नाव घेतलं. थोडी साधनं असलेले हे छोटे देश जे करू शकले ते हिंदुस्थानला का जमू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यापुढे होतं ते आखून, यंत्रणेमार्फत केलेलं स्थलांतर. १९४७ मध्ये माणसं हलली ती कुठल्याही यंत्रणेशिवाय, रक्तपात होऊन. पण आखलेल्या अदलाबदलीतही माणसाचं काय होतं, ते पाहायचं असेल तर आयवालिकच्या गल्ल्यांत हिंडावं. लाहोर किंवा कराची सोडून आलेल्या माणसांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तिथे फारसं काही समजावून सांगावं लागत नाही.

पुढे दोन्ही सरकारांनी जुळवून घेतलं. १९३० मध्ये व्हेनिझेलोस अंकाराला गेले, मैत्रीचा करार झाला. मागे राहिलेल्या घरादारांच्या भरपाईचे दावे सरकारांनी परस्पर मिटवून टाकले. मूळ मालकांना त्यात विचारण्याचं कारण नव्हतं. नंतर सायप्रसवरून वितुष्ट आलं. जानेवारी १९९६ मध्ये तर दोन ओसाड खडकांच्या मालकीवरून दोन्ही आरमारं समोरासमोर आली. मग १९९९ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात प्रचंड भूकंप झाला, ग्रीक पथकं मदतीला धावली. महिन्याभरातच अथेन्स हादरलं, तेव्हा तुर्की पथकं तिकडे गेली. ढिगाऱ्याखालून माणसं काढणाऱ्यांनी जे केलं ते मुत्सद्द्यांना जमलं नव्हतं. २०२४ मध्ये ग्रीसने लेसबॉससह काही बेटांवर तुर्की नागरिकांना बंदरातच सात दिवसांचा व्हिसा द्यायला सुरुवात केली. आजीच्या गावाला जाण्यासाठी दूरच्या वकिलातीत खेटे घालायची गरज उरली नाही.

परंतु हे पाणी सर्वांसाठी सारखं नाही. २०१५ मध्ये पाच लाखांहून अधिक माणसं याच किनाऱ्यावरून रबरी होड्यांतून लेसबॉसला आली. सीरियातले, अफगाणिस्तानातले, इराकमधले लोक. फेरीच्या तिकिटाच्या कित्येक पट पैसे ते दलालाला देत आणि कित्येक जण बुडाले. बेटाच्या उत्तरेला सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे. तिथल्या कोळ्यांच्या गावात बाकावर बसलेल्या तीन म्हाताऱ्या एका परक्या तान्ह्या बाळाला बाटलीने दूध पाजताहेत, असा एक फोटो त्या वर्षी जगभर छापून आला. त्या बायकांच्या आया १९२२ मध्ये अशाच समोरून निर्वासित म्हणून आल्या होत्या.

मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला. ४ एप्रिलच्या सकाळी मिटिलीनीहून दोन लहान फेरी बोटी समोरच्या दिकिली बंदराकडे निघाल्या. आत परत पाठवलेली माणसं होती, त्यांतले बरेचसे पाकिस्तानी. शेजारच्या खिओस बेटावरून पाठवलेले धरून त्या दिवशी साधारण दोनशे लोक गेले. तोच समुद्र, तशाच बोटी. फक्त त्यांना परतीचं तिकीट नव्हतं.

म्हणून आयवालिकला गेलात तर बाजार जरूर करा, पण तासभर राखून ठेवा. गावात एक घड्याळाची मशीद आहे. घड्याळाचा मनोरा चर्चचा, कारण ती इमारत एकोणिसाव्या शतकात चर्च म्हणून बांधली गेली. मीनार नंतर आला. संध्याकाळी मिटिलीनीला उतरल्यावर जुन्या बाजारात जा. तिथे येनी जामी नावाची, छप्पर गेलेली मशीद उभी आहे. तिच्यात नमाज पढणारे बोटीत बसून पैलतीरी गेले. एकाच दिवसात या दोन्ही वास्तू पाहता येतात. ज्यांची ती प्रार्थनास्थळं होती त्यांना कराराने इकडून तिकडे जाण्याचीच वाट ठेवली होती. सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची मुभा मिळायला त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा काळ यावा लागला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)