मोड आणि घडणावळ



शाळेत ऑफ तास आला की मी मुलांना व्हिक्टर ह्यूगोच्या 'ला मिझराब्ल'ची गोष्ट सांगायचे. कादंबरी 1862 सालची. चांदीचे काटे-चमचे चोरून पळालेल्या जाँ वालजाँला पोलीस पकडून आणतात, तर बिशप उलट त्याला मेणबत्तीची चांदीची दोन स्टँडही देऊन टाकतो. एकदा एका मुलाने विचारले, "बाई, त्यांचे किती पैसे आले असते?" मी पटकन म्हणाले, "वजनाचे जेवढे होतील तेवढे."

ते उत्तर मला अजून बोचते. कारण त्याच्या आदल्याच वर्षी, घरातल्या आजारपणासाठी, मी आईने दिलेल्या चांदीच्या दोन समया सराफाकडे मोडीत दिल्या होत्या. घडणावळ आपण घेताना देतो, मोडताना ती कोणी परत देत नाही.

गंमत म्हणजे फ्रान्सच्या राजाचीही हीच गत झाली! चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यासाठी चांदीची मेजे, कुंड्या, उंच शमादाने घडवून घेतली होती. नमुने चित्रकार शार्ल ल ब्रँ याचे, आणि घडवणाऱ्यांत अग्रणी क्लोद बालँ. पण लढाई महाग पडली आणि 1689 च्या डिसेंबरात राजाने सारे टाकसाळीत वितळवायचा हुकूम काढला. सुमारे 20 टन चांदी! बालँ 1678 मध्येच वारला होता, एका अर्थी सुटला बिचारा. ल ब्रँ मात्र तेव्हा जिवंत होता. 1690 च्या फेब्रुवारीत तो गेला. पुढे 1709 मध्ये आणि 1759 मध्ये लढायांसाठी पुन्हा चांदी वितळली. त्यामुळे त्या काळातले जुने फ्रेंच चांदीकाम आज इतके दुर्मिळ आहे.

शमादान घडवायचे कसे? खोड आणि फांद्या साच्यात वेगवेगळ्या ओतायच्या, डाग देऊन जोडायच्या, मग छिन्नीने बारीक नक्षी उठवायची. शेवटची झिलई पॅरिसमध्ये बहुधा बायका करत. पुष्कळ शमादानांच्या फांद्या उचलून काढता येत, म्हणजे खाली एका मेणबत्तीचे साधे स्टँड उरे. अंगावर कारागिराचा शिक्का असे : नावाची आद्याक्षरे, वर मुकुट आणि लिलीचे फूल. शिवाय कारागीर-संघाचे दरवर्षी बदलणारे अक्षर, आणि करवसुलीचे दोन शिक्के, एक काम सुरू होताना, एक कर भरल्यावर. 1791 मध्ये हे संघच बरखास्त झाले; पण त्या शिक्क्यांवरून वस्तूचे साल आजही सांगता येते.

या कारागिरांत मोठे नाव तोमा जेर्मँचे (1673–1748). राजाने त्याला लूव्र राजवाड्यात राहायला जागा दिली होती. त्याचे चांदीकाम पोर्तुगालच्या राजाकडेही गेले होते. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनला भूकंप झाला, राजवाडा कोसळला आणि ते सारे गेले. (तेव्हा आपला गोवा याच राजाच्या अमलाखाली होता.) नव्या राजाने, जोझे पहिल्याने, पुन्हा त्याच घराण्याकडे मागणी नोंदवली. या वेळी मुलगा फ्राँस्वा-तोमा याच्याकडे. त्याने मोठे काम केले, पण 1765 मध्ये त्याचे दिवाळे निघाले. मात्र लिस्बनला गेलेले त्याचे काम पॅरिसच्या टाकसाळीपासून दूर होते, म्हणून वाचले. आज ते तिथल्या प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

म्हणजे पाहा, वस्तू टिकते ती तिच्या किमतीमुळे नव्हे. चांदीची किंमत हाच तर तिचा शत्रू! कोणाच्या हाती पडते यावर सगळे अवलंबून.

माझ्या समयांवर कारागिराचा शिक्का नव्हता. कोणी घडवल्या, मला ठाऊक नाही, आईलाही नव्हते. मोडल्याचा पश्चात्ताप नाही, माणूस वाचले. पण सराफाने तराजूत टाकण्याआधी एकदा त्या नीट बघायला हव्या होत्या, एवढेच वाटते.

आणि त्या मुलाला आज सांगावेसे वाटते : अरे, कादंबरीत बिशप स्वतःच त्यांची किंमत दोनशे फ्रँक सांगतो. पण वालजाँने ती स्टँड शेवटपर्यंत मोडीत दिली नाहीत. मरताना त्यांच्याच मेणबत्त्या त्याच्याजवळ जळत होत्या.

असो. तुमच्या घरी जुनी चांदी असेल तर एकदा उलटी करून बघा. खाली काही खूण दिसली तर मला जरूर कळवा.