मुळशीला थांबलो ते प्लॉट बघायला

मुळशीला आम्ही इतिहासासाठी थांबलो नव्हतो. बाबांना प्लॉट बघायचा होता.

मे महिन्यातला शनिवार. गाडीत आई, बाबा, बायको, मागच्या सीटवर खिडकीशी आजी, आणि स्टिअरिंगवर मी. पुण्याहून ताम्हिणीमार्गे म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो होतो. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. तेव्हापासून फंडाचे पैसे बँकेत पडून आहेत आणि ते पडून आहेत याची आठवण त्यांना रोज कोणीतरी करून देतं. चांदणी चौक सोडला की भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावं लागतात, आणि गावांपेक्षा जास्त होर्डिंग्ज लागतात. 'लेक व्ह्यू', 'एनए', 'गुंठ्याला फक्त'. त्यातल्याच एका एजंटशी बाबांनी आधी फोनवर बोलून ठेवलं होतं. 'वाटेतच आहे, पाच मिनिटं थांबू,' असं आम्हाला सांगितलं.

आता माझी कबुली. मी सहा वर्षं हिंजवडीत नोकरी करतोय. हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं हे मला ऑफिसचा पत्ता लिहून लिहून पाठ झालंय. पण मुळशी म्हटलं की डोक्यात यायचं ते पावसाळ्यातलं ट्रॅफिक, भजी आणि 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा. तुमचंही फार वेगळं नसेल.

प्लॉट उतारावर होता. खाली जलाशय. मे असल्यामुळं पाणी बरंच खाली गेलेलं आणि काठाला तपकिरी मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला. एजंट तरुण होता, माझ्याच वयाचा, बोलायला गोड. 'हे पाणी कधीच पूर्ण आटत नाही सर. टाटांचं धरण आहे.' बाबा खुश. मी फोनवर रेंज किती येते ते बघत होतो. आजी मात्र काठी टेकवत पुढं गेली आणि त्या उघड्या पट्ट्याकडं बोट करून म्हणाली, 'ते जोतं कुणाचं रे?'

खरंच, खाली चिखलात दगडांची एक सरळ ओळ होती आणि पुढं काटकोनात वळलेली दुसरी. घराचंच जोतं. एजंट म्हणाला, 'जुनी गावं होती म्हणे खाली. उठवली त्यांना. लई वर्षं झाली.' आणि लगेच रस्त्याची रुंदी सांगायला लागला.

एवढंच घडलं. पण 'उठवली' हा शब्द गाडीत माझ्याबरोबर आला. परतल्यावर मी यावर जे मिळेल ते वाचायला लागलो.

मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात भातशेती होती. हा आंबेमोहोराचा मुलूख. तिथं पन्नासच्या आसपास गावं होती आणि सुमारे अकरा हजार माणसं. बहुतेक मावळे शेतकरी. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा या खोऱ्याकडं टाटांच्या वीज कंपनीचं लक्ष गेलं. त्यांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्येच सुरू झालं होतं. मुंबईच्या गिरण्यांना कोळशापेक्षा ही वीज परवडत होती आणि ती पुरत नव्हती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं आणि कोकणात खाली सोडायचं, ही कल्पना इंजिनियर म्हणून बघितली तर फार सुंदर आहे. मुळा पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळते, पुढं भीमा, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. कंपनीनं या नदीला धरणानं थांबवलं आणि पाणी पश्चिमेला वळवलं. बोगद्यातून आणि पाइपातून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पडतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. एका नदीचा समुद्र बदलला! कॉलेजात हे शिकवलं असतं तर मी मन लावून ऐकलं असतं.

जमीन मात्र कंपनीनं विकत मागितली नाही. सरकारनं १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ती कंपनीसाठी घ्यायला काढली. लोकांना नीट नोटिसा मिळण्याआधीच शेतात चर खणायला सुरुवात झाली. एका शेतकऱ्यानं आपल्या शेतात खणायला हरकत घेतली तेव्हा गोऱ्या इंजिनियरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं, असा प्रसंग सांगितला जातो. विनायकराव भुस्कुटे नावाच्या तरुण काँग्रेस कार्यकर्त्यानं गावोगाव फिरून लोकांना एकत्र केलं. पुढं या लढ्याचा इतिहासही त्यांनीच लिहिला. पुण्यातून न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, शंकरराव देव अशी मंडळी जोडली गेली. घोषणा ठरली, 'जान किंवा जमीन'.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायकाही होत्या. काम बंद पडलं आणि काही महिने बंदच राहिलं. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहिलं की टाटांनी कायदेशीर हक्काच्या आधारावर उभं न राहता लोकांशी बोलून मार्ग काढावा. वर्षाच्या शेवटी काम पुन्हा सुरू झालं. पुन्हा सत्याग्रह, अटका, तुरुंग. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलंय. २००९ साली आलेल्या त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय. नर्मदा आपल्याला माहीत असते. हे सगळं तिच्या साठ-सत्तर वर्षं आधीचं, आणि माझ्या ऑफिसपासून जेमतेम तासाभरावरचं.

आता पांडुरंग महादेव बापट. पुण्यात राहणारे आपण सगळे यांच्या नावाच्या रस्त्यावरून जातो. सेनापती बापट रोड, थोडक्यात 'एसबी रोड'. तिथं मॉल आहे, ऑफिसं आहेत, माझी पहिली मुलाखत तिथंच झाली. 'सेनापती' म्हणजे पेशव्यांच्या काळातले कोणी असतील असं मी बारावीपर्यंत समजत होतो. हसू नका. तुमच्या ऑफिसात विचारून बघा.

बापट १८८० साली पारनेरला जन्मले, आणि ते इंजिनियरिंगचे विद्यार्थी होते. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून एडिंबराला मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला गेले. तिथं हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. लंडनला इंडिया हाउसमधल्या मंडळींत मिसळले आणि मग पॅरिसला गेले. आपण पॅरिस म्हटलं की फोटो काढायच्या जागा आठवतो. त्या वेळी हे शहर देशोदेशीच्या परागंदा क्रांतिकारकांचा अड्डा होतं. मादाम कामा तिथंच राहत. बापट तिथं रशियन क्रांतिकारकांच्या वर्तुळातून बाँब बनवायचं तंत्र मिळवून १९०८ मध्ये परत आले. पुढं काही वर्षं भूमिगत, मग अटक, पुराव्याअभावी सुटका. नंतर पारनेरला हा माणूस रोज सकाळी हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा. डिग्री सोडून आलेला इंजिनियर रस्ता झाडतोय हे आमच्या कॉलनीत घडलं असतं तर लोकांनी घरच्यांना बोलावून घेतलं असतं.

मुळशीच्या लढ्यात ते उतरले आणि लोकांनी त्यांना सेनापती केलं. पण अहिंसा त्यांच्या पचनी पूर्ण कधी पडली नाही. लढा विझत आला तसे ते जास्त पेटत गेले. १९२४ च्या डिसेंबरात मोजक्या साथीदारांना घेऊन त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे रुळांवर दगड रचून अडवली. हातात पिस्तूल होतं. सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते सुटले १९३१ मध्ये. तोवर भिऱ्याचं केंद्र सुरू होऊन चार वर्षं झाली होती.

लढा विझला का, हा भाग मी दोनदा वाचला. मला वाटलं होतं की दडपशाहीमुळं विझला असेल. दडपशाही होतीच. पण खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी सावकारांकडं गहाण होत्या किंवा त्यांच्याच नावावर होत्या आणि सावकार पुण्याचे. कसणारा म्हणत होता, जमीन देणार नाही. सावकाराला जमीन कसायची नव्हतीच, त्याला पैसे मोकळे करून हवे होते. 'देणार नाही'ची बोलणी हळूहळू 'काय भावानं देणार'वर आली. मोबदला वाढला आणि पुढाऱ्यांमध्येही दोन तट पडले. एकदा भाव बोलायला सुरुवात झाली की 'जान किंवा जमीन'मधली जान बाजूला पडते. आज हिंजवडीच्या टपरीवर ज्याला विचाराल तो हेच सांगेल, फक्त आकडे मोठे. आमच्या ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीला एक काका आहेत. पलीकडच्या पार्किंगच्या जागेत त्यांच्या वडिलांची शेती होती हे त्यांनी मला सांगितलं ते चौथ्या वर्षी, पाऊस पडत होता आणि माझी कॅब येत नव्हती म्हणून.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात बापटांच्या बाजूनं उभा होतो. छान वाटत होतं. मग मी आजीला फोन केला, ती गावीच राहिली होती. सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'अरे, पण आपण त्या विजेवरच जगलो की.'

आमचे पणजोबा साधारण १९२५ च्या सुमाराला बोटीनं मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत लागले. म्हसळ्याच्या खडकाळ जमिनीत कुटुंबाचं पोट भरत नव्हतं. आजोबाही गिरणीत. सांचे विजेवर चालायचे, ती वीज घाटावरून यायची. आजोबा रातपाळी करून सकाळी चाळीत परतायचे तेव्हा केसांत कापूस असायचा, ही आजीची आवडती आठवण आहे. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला आणि ते परत कधीच कामावर गेले नाहीत. गिरणगावातून जो रस्ता लोअर परळवरून दादर-माहीमकडं जातो त्याचं जुनं नाव तुळशी पाइप रोड, तुळशी तलावाच्या पाण्याच्या पाइपावरून पडलेलं. नवं नाव सेनापती बापट मार्ग. पाणी पळवून आणणाऱ्या पाइपाचं नाव काढून पाणी अडवायला विरोध करणाऱ्याचं नाव दिलं, आणि तेही गिरण्यांच्या रांगेत! ज्यांनी बारसं केलं त्यांनी एवढा विचार केला असेल असं वाटत नाही. माझे आजोबा त्या रस्त्यानं रोज चालत जायचे. ज्या सांच्यावर त्यांचा पगार निघायचा तो फिरायला कोणाचं तरी भात बुडालं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी काय करायला हवं होतं?

मला याचं उत्तर येत नाही. धरण नको होतं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण मग मी कुठं असतो कोण जाणे. पण अकरा हजार माणसांना नीट वसवल्याशिवाय पाणी चढवलं हेही कुठल्या हिशोबात बसत नाही. खडकवासल्यात दोन टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. मुळशीत त्याच्या नऊ-दहापट. एवढं पाणी चढायला वेळ लागतो. त्या वेळात गावं कशी रिकामी होत गेली असतील, कोण शेवटपर्यंत थांबलं असेल, कोणी वासे काढून नेले असतील, याची चित्रं मला हल्ली उगीच डोळ्यांसमोर येतात.

परतीच्या प्रवासात आम्ही कोलाडला थांबलो होतो, बायकोला राफ्टिंग करायचं होतं म्हणून. कुंडलिकेच्या काठावर रबरी होड्या घेऊन लोक बसले होते, लाइफ जॅकेटं चढवून, पाण्याची वाट बघत. गाइड म्हणाला, वर वीज तयार झाली की पाणी सोडतात, तेव्हाच नदीला जोर येतो. मग पाणी आलं. ते गार होतं आणि पुण्याच्या नदीचं होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी मजेत भिजलो.

एजंटचा मेसेज गेल्या आठवड्यात आला. 'सर, प्लॉट अजून आहे, बाबांना विचारून टोकन टाका.' बाबांनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं? मी म्हटलं, आधी कागद बघू. एजंटनं लगेच सातबाऱ्याचा फोटो पाठवला. त्यावर पुण्यातल्या एकाच माणसाचं नाव होतं. मी त्याला लिहिलं, यांच्या आधी कोणाच्या नावावर होती, जुने फेरफार काढून देता का?

दोन निळ्या टिका आल्या. मग बऱ्याच वेळानं, 'ते कशाला लागतंय सर? टायटल क्लिअर आहे.'

बाबा अजून रोज विचारतात. फंडाचे पैसे बँकेत आहेत. मी पौडच्या तहसील कार्यालयात जुने फेरफार मिळतात का ते बघायला पुढच्या शुक्रवारी सुट्टी टाकली आहे, आणि आजी म्हणाली आहे की तीही येणार.