‘रेलेव्हंट’ आणि ‘संबद्ध’

‘रेलेव्हंट’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘रेलेव्हारे’, म्हणजे वर उचलणे, भार हलका करणे. सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या कायद्यात त्यास विषयास लागू असण्याचा अर्थ आला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानात रुजविला. हदगाव मात्र निजामी मुलखात. तेथील न्यायालयांत पुढे उर्दू आली, आणि उर्दूतील ‘मुतअल्लिक’ ज्या अरबी धातूचा, त्याचा अर्थ लटकणे, चिकटणे. हैदराबाद राज्यास १८७२ चा कायदा लागू झाला तो १९५१ साली. मराठी ‘संबद्ध’ शब्दात तर बांधणेच आहे. हा पर्याय मूळ शब्दास सोडून आहे, असा आक्षेप संभवतो. तो आम्हांस मान्य नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याचे तिसरे कलम एका वस्तुस्थितीचा दुसरीशी असलेला संबंधच पाहत असे. उचलण्याचा तेथे मागमूसही नव्हता.