प्रतिष्ठा (राजकीय विचारातील)
समाजाने दिलेला मान आणि तो राखण्यासाठी व्यक्तीने स्वतःवर घातलेली बंधने. टॉमस हॉब्जने लेव्हायथन (१६५१) मध्ये मानाची सांगड सामर्थ्याशी घातली. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये प्रतिष्ठा हे राजेशाहीचे चालक तत्त्व ठरविले. ती राजसत्तेलाही लगाम घालते, हे दाखविण्यासाठी त्याने बायोनच्या सुभेदाराचा दाखला दिला : फ्रान्समधील १५७२ च्या ह्यूगनॉटांच्या (फ्रेंच प्रॉटेस्टंटांच्या) हत्याकांडाच्या वेळी, आपल्या सैनिकांत एकही जल्लाद नाही, असे कळवून या सुभेदाराने कत्तलीची राजाज्ञा नाकारली. प्रतिष्ठेचे मूळ विषमतेत असल्याने समतेबरोबर ती क्षीण होते, असे तॉकव्हीलचे मत होते. पुढे सर्वांना समान असलेली मानवी प्रतिष्ठा राज्यघटनांत आली. तरीही द्वंद्वयुद्धासारख्या प्रथा मोडण्यात मानाच्या बदलत्या कल्पनांचा वाटा मोठा होता, असे क्वामे अँथनी अपिया यांनी २०१० मध्ये प्रतिपादिले.