हाय हील्समुळे पाठीचा कणा खरंच वाकतो का?

इन्स्टाग्रामवर एक चित्र कायम फिरत असतं. डावीकडे सपाट चप्पल घातलेली मुलगी, उजवीकडे हाय हील्स घातलेली, आणि तिच्या कमरेतला बाक लाल रंगाने ठळक केलेला. हील्समुळे कणा वाकतो, असं त्याखाली लिहिलेलं असतं. चित्र लगेच पटतं. पण प्रत्यक्ष मोजमापं घेतली गेली, तेव्हा गोष्ट इतकी सरळ निघाली नाही.

कमरेजवळ कण्याला आतल्या बाजूने नैसर्गिक बाक असतोच. त्याला लम्बार लॉर्डोसिस म्हणतात. हील्स घातल्यावर तो वाढतो का, हे बऱ्याच संशोधकांनी तपासलं. अनेक अभ्यासांत तो वाढलेला दिसला नाही, काहींमध्ये तर किंचित कमी झालेला आढळला.

मग हील्स घालून दिवसभर उभं राहिल्यावर कंबर का भरून येते?

टाच वर गेली की शरीराचा तोल पुढे जातो. आपण पडू नये म्हणून घोटा, गुडघा, खुबा आणि पाठ असे सगळेच थोडं थोडं जुळवून घेतात. हे प्रत्येकीचं शरीर वेगळ्या पद्धतीने करतं, म्हणून सगळ्यांना लागू पडेल असं एकच चित्र काढता येत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना इरेक्टर स्पायनी नावाचे स्नायू असतात. उंच हील्स घालून चालताना ते जास्त काम करतात, हे स्नायूंमधले विद्युत संकेत मोजणाऱ्या चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे कण्याचा आकार बदलला नाही, तरी हे स्नायू थकून दुखू शकतात.

खरा मार मात्र कमरेच्या खाली बसतो. वजन टाचेवरून चवड्यावर येतं, बोटं पुढच्या निमुळत्या भागात दाबली जातात. 1998 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात 20 निरोगी महिलांची चाल तपासली होती. अनवाणी चालण्याच्या तुलनेत हील्समध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवर सरासरी 23 टक्के जास्त दाब आढळला. 'मी ब्लॉक हील्स घालते, मला काही होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी वाईट बातमी अशी, की 2001 मध्ये त्याच संशोधकांनी रुंद टाचेचे बूटही तपासले आणि गुडघ्यावरचा भार तिथेही वाढलेलाच होता. रुंद टाचेमुळे पाय मुरगळण्याची भीती कमी होते, एवढंच.

पोटरीचं काय? किमान 2 वर्षं नियमितपणे 5 सेंटीमीटर किंवा त्याहून उंच हील्स घालणाऱ्या महिलांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पोटरीतले स्नायूतंतू इतर महिलांपेक्षा सुमारे 12 टक्के आखूड होते आणि टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, जास्त जाड व ताठ झालेली होती. हील्स काढून सपाट चप्पल घातली की काही जणींच्या पोटऱ्या ओढल्यासारख्या होतात, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

लग्नात चार तास हौसेने घातलेल्या हील्स आणि नोकरीसाठी रोज आठ तास घालाव्या लागणाऱ्या हील्स, यात फरक आहे. डिसेंबर 2015 मध्ये लंडनमध्ये एका रिसेप्शनिस्टला हील्स घालायला नकार दिला म्हणून घरी पाठवलं गेलं. तिच्या याचिकेवर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि 2017 मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. जपानमध्ये 2019 ला #कुटू मोहीम गाजली. जपानीत 'कुत्सु' म्हणजे बूट आणि 'कुत्सू' म्हणजे वेदना, त्यावरची ही कोटी. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने केबिन क्रूसाठी हील्सची सक्ती काढून टाकली.

हील्स सोडायच्याच नसतील, तर उंची 5 सेंटीमीटरच्या आत ठेवा, येता-जाता सपाट चपला वापरा आणि रात्री भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. वर्षानुवर्षं हील्स घातल्या असतील, तर एकदम पूर्ण सपाट चपलांवर येऊ नका, उंची हळूहळू कमी करा. कंबरेतली कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर चपला बदलून बघत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.