प्रवासातील राजप्रसाधन : ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्या केशसंवर्धनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील युरोपचा इतिहास प्रामुख्याने युद्धे, तह, राष्ट्रवाद आणि सत्तासंतुलन यांच्या आधारे लिहिला गेला. राजघराण्यातील स्त्रियांचे दैनंदिन जीवन, त्यातही त्यांचे प्रसाधन, हा विषय दंतकथा आणि चित्रपट यांच्याकडे सोपवून इतिहासकार बराच काळ मोकळे राहिले. प्रसाधनाला मात्र वेळ लागतो, पैसा लागतो आणि कोणाचे तरी श्रम लागतात. म्हणूनच तो सामाजिक इतिहासाचा विषय ठरतो. आयुष्यातील मोठा काळ प्रवासात घालविणारी ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ (१८३७-१८९८) हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. दरबारापासून दूर जाण्यासाठी प्रवास करणाऱ्या या स्त्रीला दरबाराने लादलेले सौंदर्याचे ओझे मागे ठेवता आले काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सौंदर्य आणि राजपद

बव्हेरियातील ड्यूक मॅक्स यांची ही कन्या २४ एप्रिल १८५४ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्याशी विवाहबद्ध झाली. व्हिएन्नाच्या दरबारातील कडक शिष्टाचार तिला मानवला नाही. राज्यकारभारात तिला स्थान नव्हते आणि मुलांच्या संगोपनाचा अधिकारही प्रारंभीच्या काळात सासूच्या हाती होता. अशा परिस्थितीत स्वतःचे शरीर हेच तिच्या ताब्यातील एकमेव क्षेत्र उरले. सुमारे १७२ सेंटिमीटर उंचीच्या या स्त्रीने आपले वजन पन्नास किलोग्रॅमच्या आसपास राखले. तिचे केस तर घोट्यांपर्यंत पोहोचत. १८६५ मध्ये विंटरहाल्टर या चित्रकाराने रंगविलेल्या चित्रात केसांत हिऱ्यांची नक्षत्रे माळलेली सम्राज्ञी दिसते. या चित्राने तिचे केस राजवैभवाचे प्रतीक बनविले.

केसांचे वेळापत्रक

या केसांची निगा राखणे हे नित्याचे परंतु कष्टाचे काम होते. विंचरणे आणि वेण्यांची रचना यांत दररोज दोन ते तीन तास जात. काही आठवड्यांच्या अंतराने अंड्याचा बलक आणि कोन्याक मद्य यांच्या मिश्रणाने केस धुतले जात व त्यासाठी संपूर्ण दिवस राखून ठेवावा लागे. केसांच्या भाराने तिचे डोके दुखत असे. तेव्हा केस फितींनी वर टांगून भार हलका करण्याचा उपाय योजला जाई. चेहऱ्यासाठी पांढरे मेण, व्हेलमाशापासून मिळणारे मेणासारखे द्रव्य, गोडे बदामतेल आणि गुलाबजल यांचे मलम वापरले जाई.

विंचरण्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून एलिझाबेथने तो अध्ययनाला दिला. याच वेळात तिने हंगेरियन आणि पुढे ग्रीक भाषा आत्मसात केली. १८९१ पासून कॉन्स्टंटिन ख्रिस्तोमानोस हा तरुण ग्रीक शिक्षक या वेळी तिच्याजवळ उपस्थित असे. तिच्या मृत्यूनंतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दैनंदिनीत या प्रसाधनविधीचे तपशील आढळतात. गळालेले केस चांदीच्या पात्रात घालून सम्राज्ञीला दाखविले जात, असे तो नोंदवितो.

प्रवास आणि प्रसाधन

आजारपणाच्या निमित्ताने एलिझाबेथ नोव्हेंबर १८६० मध्ये मादेरा बेटावर गेली. हा तिच्या दीर्घ प्रवासांचा आरंभ होय. पुढील काळात हंगेरी, इंग्लंड, आयर्लंड, भूमध्य समुद्राचे किनारे आणि उत्तर आफ्रिका येथे तिचा संचार होता. १८७३ मध्ये तिच्यासाठी रेल्वेचे खास डबे बांधले गेले. शयनकक्ष आणि प्रसाधनाची सोय असल्यामुळे प्रवासातही दिनक्रम अखंड चालू शके. राजपुत्र रुडोल्फ याच्या ३० जानेवारी १८८९ रोजीच्या आत्महत्येनंतर तिने काळी वस्त्रे स्वीकारली व भ्रमंती अधिक वाढविली. कॉर्फू बेटावर १८८९ ते १८९१ या काळात उभारलेला आखिलिऑन प्रासादही तिला फार काळ बांधून ठेवू शकला नाही.

हा संचार बहुधा ‘काउंटेस होहेनेम्ब्स’ या नावाने होत असे. नाव बदलता आले, परंतु केशरचना बदलली नाही. तिशी उलटल्यावर तिने छायाचित्रे काढू देणे थांबविले आणि पुढे पंखा व छत्री यांच्या आड चेहरा लपविला. वाढत्या वयाचा चेहरा लोकांनी पाहू नये, हा हेतू त्यामागे दिसतो. मात्र ज्या केसांमुळे ती ओळखली जात होती, त्यांची निगा बोटीवर आणि हॉटेलांतही सुटली नाही.

श्रमाचा प्रश्न

ही निगा प्रत्यक्षात राखणारी स्त्री म्हणजे फ्रान्झिस्का आंगेरर. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये अभिनेत्रींची केशभूषा करणाऱ्या या तरुणीस १८६३ मध्ये सम्राज्ञीच्या सेवेत घेण्यात आले. तिचे वार्षिक वेतन दोन हजार गुल्डन, म्हणजे तत्कालीन विद्यापीठीय प्राध्यापकाच्या वेतनाच्या तोडीचे होते. विवाहानंतर सेवा सोडण्याचा दरबारी नियम तिच्यासाठी शिथिल करण्यात आला आणि तिचा पती ह्यूगो फायफालिक यासही दरबारात स्थान मिळाले. ती आजारी असली तर सम्राज्ञी समारंभास जाण्याचे टाळी. साम्राज्यातील सर्वोच्च स्त्री आपल्या केशप्रसाधिकेवर किती अवलंबून होती, हे यावरून ध्यानात येते.

फ्रान्झिस्काची शरीरयष्टी सम्राज्ञीशी मिळतीजुळती होती. १८८५ मध्ये स्मर्ना येथे अधिकाऱ्यांचे स्वागत तिने सम्राज्ञीच्या वेशात स्वीकारले आणि त्या वेळी एलिझाबेथ शहरात मोकळेपणाने फिरली. ही घटना मार्मिक आहे. केसांनी हिरावलेले स्वातंत्र्य काही तासांसाठी परत मिळाले, तेही केस विंचरणाऱ्या स्त्रीने सम्राज्ञीची भूमिका वठविल्यामुळे.

अखेरचा प्रवास

१० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हा येथे आगबोटीकडे जात असताना लुईजी लुकेनी या अराजकवाद्याने धारदार कानशीने तिच्या छातीवर वार केला. ती उठून बोटीपर्यंत चालत गेली. कंचुकी घट्ट आवळलेली असल्यामुळे जखम लगेच कोणाच्या लक्षात आली नाही. कंचुकी सैल केल्यावरच घाव दिसला. सौंदर्याचा हा आग्रह अखेरच्या क्षणापर्यंत तिच्या शरीराला वेढून होता.

समारोप

एलिझाबेथचे प्रसाधन ही केवळ विलासी राणीची हौस मानणे अपुरे ठरेल. सत्ता नाकारलेल्या स्त्रीला सौंदर्यातून प्रतिष्ठा मिळाली आणि त्याच सौंदर्याने तिचे तास, तिची प्रकृती व तिचा प्रवास यांवर ताबा मिळविला. तिने दरबार सोडला तरी दरबाराची शिस्त तिच्यासोबत प्रवास करीत राहिली. ही शिस्त दुसऱ्या एका स्त्रीच्या हातांवर उभी होती, हेही विसरता येत नाही. सम्राज्ञीची चित्रे आज संग्रहालयांत जतन केलेली आहेत. त्या चित्रांतील प्रत्येक वेणी गुंफणाऱ्या हातांची नोंद घेतल्याशिवाय या इतिहासाचे आकलन पूर्ण होणार नाही.