जुन्या जीपचे दुसरे इंजिन : नगर–नागापूर परिसरातील एका निवडीचा मागोवा

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, या शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यालगत असलेले नागापूर हे गाव आज महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीने वेढलेले आहे आणि बाहेरच्या माणसाला त्याची ओळख ‘एमआयडीसी’ या चार इंग्रजी अक्षरांनीच होते. वाहनांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र या परिसराचे स्थान वसाहतीपुरते मर्यादित नाही. १९४८ पासून नगरला भारतीय लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, म्हणजे रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, वाहननगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन प्रयोगशाळा (व्हीआरडीई) आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही येथेच आहे. लष्करी छावणी, वाहनांची प्रयोगशाळा आणि लेथ-मिलिंगच्या कार्यशाळांनी भरलेली वसाहत ही तिन्ही एकाच शहराच्या अंगाखांद्यावर असल्याने, जुन्या चारचाकी-चालनाच्या गाडीत, म्हणजे जिच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचते अशा गाडीत, मूळ इंजिन संपल्यावर कोणते इंजिन बसवावे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी नागापूर ही सोयीची जागा ठरते. हा प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो, पण गेल्या पाऊणशे वर्षांत त्याचे उत्तर यंत्रशास्त्राने क्वचितच दिले आहे. ते इंधनाच्या भावाने, शेजारच्या मिस्त्रीच्या हाताने आणि परिवहन कार्यालयातील कागदाने दिले आहे.

मूळ इंजिनापासूनच आरंभ करणे योग्य होईल. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी या जीपमध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास, ज्याला कार्यशाळेत ‘बोअर’ म्हणतात, ३ १/८ इंच, आणि पिस्टनचा प्रवास, म्हणजे ‘स्ट्रोक’, ४ ३/८ इंच असून एकूण धारणक्षमता २,१९९ घनसेंटिमीटर व शक्ती ६० अश्वशक्ती होती. बोअर लहान आणि स्ट्रोक लांब अशा या ठेवणीमुळे ते कमी फेऱ्यांतही जोर देत असे, आणि चढावर, चिखलात किंवा नांगरटीतून जाताना वेगापेक्षा हाच जोर कामी येतो. त्याच्या झडपा सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यातच बसवलेल्या होत्या. पुढे सीजे-३बी या नमुन्यात आत घेणारी झडप हेडमध्ये वर नेली गेली, त्यामुळे शक्ती ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली, पण इंजिन उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. महाराष्ट्रात जुनी जीप म्हटल्यावर जो उंच, चौकोनी चेहरा डोळ्यांसमोर येतो तो या झडपेमुळे आलेला आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे जीपची जुळणी सुरू केली आणि हाच नमुना येथे दशकानुदशके बनत राहिला.

ही गाडी ग्रामीण महाराष्ट्रात शिरली ती सरकारी वाहन म्हणून. १९५२ च्या सामूहिक विकास कार्यक्रमाने गटविकास अधिकाऱ्याला जीप दिली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर तिचा संचार वाढला, आणि ज्या नगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला त्या जिल्ह्यात कारखान्याची जीप हे एक स्वतंत्र प्रकरणच झाले. सरकार आणि लष्कर या दोन्ही मालकांना इंधनाचा खर्च हा हिशेबाच्या वहीतील पहिला रकाना नव्हता. गाडी लिलावात निघून शेतकऱ्याच्या किंवा गॅरेजवाल्याच्या दारात आली की तोच रकाना पहिला होई, आणि इंजिन बदलण्याचा विचार सुरू होई. लष्कराच्या ‘जोंगा’ या गाडीच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसते. निस्सान पेट्रोलच्या आराखड्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून बनलेल्या या गाडीत सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. (येथे पेट्रोल हे त्या परदेशी गाडीचे नाव असून त्याचा अर्थ गस्त असा आहे, तिच्या इंधनाच्या भुकेशी त्याचा जुळलेला योग निव्वळ देवनागरीचा.) असे इंजिन लष्कराच्या टाकीवर चालते, घरच्या टाकीवर नाही.

निर्णायक वळण १९७३ च्या तेलसंकटाने आणले. पेट्रोलची भाववाढ इतकी जिव्हारी लागली की त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. पेट्रोल हे चैनीचे इंधन मानून त्यावर कर चढत गेला, तर शेती आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून डिझेल स्वस्त ठेवले गेले, आणि ही दरी थेट २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर नियंत्रणमुक्त होईपर्यंत या ना त्या रूपात टिकली. नगरपुरते बोलायचे तर या संकटाच्या तोंडावरच, १९७२ मध्ये, हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पन्नास सीसीची लुना बाजारात आणली होती. पेट्रोल कमी पिणारे यंत्र कसे खपते हे या शहराने त्यामुळे फार जवळून पाहिले. जीपवाल्याला लुनाचा मार्ग मोकळा नव्हता. त्याच्यापुढे डिझेल हाच मार्ग होता.

मात्र डिझेल इंजिन कोणते, हा प्रश्न उरतच होता, आणि त्याची उत्तरे क्रमाने येत गेली. पहिले उत्तर शेतातून आले. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६० च्या दशकात भारतात बनू लागलेल्या बी-२७५ या ट्रॅक्टरचे इंजिन सुमारे २.३६ लिटरचे होते, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत आणि ते उघडता येणारा मिस्त्रीही तेथेच असे. परंतु ट्रॅक्टरचे इंजिन गाडीत घालण्यातील अडचण साध्या गुणाकाराने कळते. विलिस जीपच्या मागील धुरीतील दातेरी चक्रांचे प्रमाण ४.८८ आहे, म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ४.८८ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते, आणि सोळा इंची रिमवरील तिच्या टायरचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्या घेई तेव्हा गाडी ताशी ११० किलोमीटरच्या जवळ जाई. शेतीचे इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास थांबले की तीच गाडी ५५ वर थांबते, आणि सीजे-३बीचे ५.३८ हे प्रमाण असेल तर ५० वर. बांधावरून दूध आणण्यास हा वेग पुरेसा होता. पुण्याला जाऊन संध्याकाळी परतण्यास नव्हता.

दुसरे उत्तर कंपनीनेच दिले. महिंद्रने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. या नावातच त्याची कुंडली आहे, कारण ४ म्हणजे सिलिंडरची संख्या आणि ९० म्हणजे मिलिमीटरमधील बोअर. ८३ मिलिमीटरच्या स्ट्रोकसह त्याची धारणक्षमता २,११२ घनसेंटिमीटर येते, जी मूळ विलिस इंजिनाच्या अगदी शेजारची आहे. हे मुळात मोटारीचे इंजिन असल्याने ते भरपूर फेऱ्या घेई, त्यामुळे धुरीला हात न लावता रस्त्यावरचा वेग टिकत असे.

तिसरे उत्तर, आणि नगरकरांना बहुधा सर्वांत आपले वाटावे असे, बजाज टेम्पोचे. मुंबई विधानसभेचे १९४६ ते १९५२ या काळातील अध्यक्ष आणि नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र नवलमल यांनी १९५८ मध्ये ही कंपनी उभी केली, आणि १९८० च्या दशकात तिने मर्सिडीजचे ओएम-६१६ हे सुमारे २.४ लिटरचे डिझेल इंजिन भारतात बनवण्यास घेतले. ते मॅटॅडोर आणि ट्रॅक्स या गाड्यांमध्ये बसले आणि काळी-पिवळी प्रवासी वाहतुकीबरोबर गावोगाव पोचले. ज्या इंजिनाच्या शंभर गाड्या एखाद्या रस्त्यावर रोज धावतात त्याचे भंगारातले ‘हाफ इंजिन’, म्हणजे हेड वगळून उरलेला ठोकळा, क्रँक आणि पिस्टन, कधीच दुर्मीळ होत नाही. गुणांच्या यादीत सरस असलेली पण सुट्या भागांविना पोरकी असलेली परदेशी इंजिने जुन्या जीपमध्ये टिकली नाहीत आणि हे इंजिन टिकले, ते एवढ्याच कारणाने.

निवड झाल्यावरचे काम लेथवर होते. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर नवे इंजिन आणि तो यांच्यामध्ये जाड पोलादी पट्टी, म्हणजे ‘अ‍ॅडॅप्टर प्लेट’, कापावी लागते, आणि तिच्यावरील छिद्रांचे केंद्र क्रँकच्या केंद्राशी इतके काटेकोर जुळावे लागते की केसभर चूक राहिली तरी गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागते. चेसिसवर इंजिनाचे ‘फाउंडेशन’, म्हणजे रबरी बैठकीचे कंस, नव्याने जोडावे लागतात. पुढच्या धुरीचा डिफरन्शियल गोळा स्प्रिंगच्या पाट्यांबरोबर वर-खाली होत असल्याने इंजिनाखालील तेलाचे पात्र, ज्याला ‘चेंबर’ म्हणतात, त्यावर आपटणार नाही इतकी जागा सोडावी लागते. रस्त्यावर ठीक वाटलेली गाडी पहिल्या मोठ्या खड्ड्यात चेंबर फोडून घेते ती बहुधा हे माप उभ्या गाडीवर घेतल्यामुळे. युद्धकालीन जीपची वीजव्यवस्था सहा व्होल्टची असल्याने डिझेलच्या स्टार्टरसाठी ती बारावर न्यावी लागते. आणि एक गोष्ट सहसा शेवटी ध्यानात येते : जुन्या जीपचा वायपर इंजिनाच्या शोषणावर, म्हणजे आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पोकळीवर चालतो, डिझेल इंजिनाला हवा अडवणारे झाकण नसल्याने ती पोकळी निर्माणच होत नाही, आणि इंजिन उत्तम चालत असताना पहिल्या पावसात काच मात्र पुसली जात नाही.

कागदाची बाजू दीर्घकाळ याच्या मागून चालत आली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफाराची तरतूद आहे. २००० च्या दुरुस्तीने ती कडक होऊन, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येणार नाही, असे ठरले. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची वाट खुली राहिली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये नगरची व्हीआरडीई आहे. एकाच शहरात एकीकडे मिस्त्रीच्या अंदाजाने बसलेली इंजिने धावत होती आणि दुसरीकडे याच प्रकारच्या गोष्टी उपकरणांनी मोजून प्रमाणित होत होत्या. या दोन कारागिरींचा एकमेकींशी फारसा संबंध आला असावा असे वाटत नाही, आणि हे नुकसान दोघींचेही मानावे लागेल.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम लागू केले तेव्हा या इतिहासाचा अर्थच फिरला. पन्नास वर्षांहून जुनी आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच या नियमांखाली व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. व्याख्या संग्राहकाच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण ज्या जीपा डिझेल इंजिनामुळेच भंगारात जाण्यापासून वाचल्या त्यांना ती दाराबाहेर ठेवते, आणि मूळ इंजिनासह गोठ्यात बंद पडून राहिलेल्या गाडीला आत घेते. त्यामुळे आता उलटा प्रवास सुरू झालेला दिसतो. एकेकाळी वजनावर विकलेले पेट्रोल इंजिनाचे ठोकळे पुन्हा शोधले जातात, आणि सापडलेला ठोकळा अनेकदा ‘बोअर’ करून, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून, इतका रुंद झालेला असतो की आणखी कातण्यास भिंतच उरलेली नसते. मग तो एकदाच पुरेसा मोठा कातून त्यात बिडाची नळी, म्हणजे ‘स्लीव्ह’, दाबून बसवली जाते आणि तिच्या आतील व्यास घासत घासत पुन्हा ३ १/८ इंचांवर आणला जातो.